बंड्याच्या अंगावरची गोचीड

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? काल अक्का परत तेच बोलली, आणि आता माझ्याने गप्प बसवत नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धुळ्याला देवपुरात एकटी राहते. एकटी म्हणजे — तेव्हा ती आणि बंड्या, तिचा पामेरियन कुत्रा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेली तेव्हा त्याला माझ्याकडे चोपड्याला ठेवलं. जाताना एवढंच बजावलं, "भाऊ, त्याले आपल्या ताटातलं काही देऊ नको."

थंडीचे दिवस. केळीच्या मळ्यात भरीत पार्टी. बंड्याला सोबत नेलं. आणि मी — काय सांगू — उरलेल्या भरिताचं पान त्याच्यापुढे धरलं. त्याने चाटूनपुसून साफ केलं. सगळे हसले. "खान्देशी झाला गडी!" म्हणत मी अजून वाढलं. आपल्या भरितात पातीचा कांदा किती असतो, ठाऊकच आहे तुम्हाला.

दुसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब. म्हटलं, कुत्रं आहे, गवत खाईल, होईल बरं. दहीभात घातला. एक-दोनदा ओकलं तर कोण घाबरतं? पण तिसऱ्या दिवशी तो उठेना. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी कोऱ्या चहासारखी. तेव्हा माझी टरकली. फोन केला, तशी अक्का काळा चष्मा लावून एसटीने आली.

जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "कांदा-लसूण काही खाल्लंय का? कुत्र्यांना विषच ते." अक्का माझ्याकडे बघत होती.

"छे! नुसती दूध-भाकरी."

मग गोचीड चावली असेल म्हणत त्यांनी गोचीड तापाचं औषध सुरू केलं. अक्का पाणी आणायला बाहेर गेली — पाच मिनिटं डॉक्टर आणि मी दोघंच होतो. तेव्हा कोणी तोंड धरलं होतं माझं? कोणी नाही. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलो.

संध्याकाळी बंड्या गेला. तिच्या मांडीवर.

अक्का अजून कुठलंही कुत्रं दिसलं की खाली बसते, त्याच्या कानामागचे केस बाजूला करून बघते. काल परत म्हणाली, "माझ्याच नजरेतून सुटली रे ती गोचीड. डोळ्यांनी दगा दिला." आणि मी — मी मान डोलावली.

गोचीड नव्हतीच, अक्का. मी त्याला भरीत घातलं होतं. दोनदा.