बारा वाजता बघायचं घर

या, इकडं जवळ या. लांब उभं राहून ऐकू नका, पंख्याचं वारं इथंच लागतं. आणि आधी माझे दोन शब्द ऐकून घ्या. शाळेजवळ घर घ्यायचं म्हणता आणि बघायला निघालात कधी, तर मे महिन्यात! बाळ झोपलेलं असताना ते किती रडतं हे कळतं का कधी? रागावू नका. माझ्या शेजारी एक शहाणा माणूस असाच अडकला. त्याला अडकवण्यात थोडा हात माझाही होता, म्हणून बोलते.

एसटीत ड्रायव्हर होते ते. मूळचे माढ्याकडचे. उंच, बोटं जाडजूड, आणि कुठलंही काम सुरू करायच्या आधी समोर जे असेल त्यावर दोनदा टकटक करायची खोड. ताटावर, फाटकावर, आमच्या कट्ट्यावर. टकटक करायचे आणि म्हणायचे, "डबल बेल!" तुम्हाला माहीतच आहे, कंडक्टरनं दोनदा घंटी दिली की गाडी सोडायची, एकदा दिली की थांबवायची. तीस वर्षं त्या घंटीवर काढलेला माणूस, घरातही तसाच वागणार.

बायकोला ते कंडक्टर म्हणायचे. मला सांगायचे, "अक्का, आमच्या कंडक्टरनं बेल दिल्याबिगर आपली गाडी हालत न्हाय."

आणि खरंच. वहिनी घरच्या गाडीत बसल्या, पदर आत घेतला, दार नीट लागलं की पुढच्या डॅशबोर्डच्या फळीवर बांगडीनं दोनदा वाजवायच्या. तोवर हे हात जोडल्यासारखे स्टिअरिंग धरून बसलेले.

वहिनींच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. त्यासाठीच तर ते गाव सोडून सोलापुरात आले. माझ्या शेजारचं बैठं घर तेव्हा दोन वर्षं रिकामं होतं. दवाखाना पंधरा मिनिटांवर, उंबऱ्याला पायरी एकच, गाडी थेट फाटकाच्या आत. वहिनींना जिना चढवत नव्हता, लांब चालवत नव्हतं. दोघांना आणखी काय पाहिजे?

बघायला आले ते अक्षय तृतीयेला. मुहूर्त चांगला म्हणून. शाळेला सुट्टी लागलेली. रस्त्यावर एक कुत्रं तेवढं आडवं झोपलेलं, तेही अगदी मधोमध. त्यांनी रस्ता पावलांनी मोजला, वळण बघितलं आणि खुशीत आले. "एका दमात उलटी आत घालतो बगा."

मग कट्ट्याशी येऊन मला विचारलं, "अक्का, पाणी कितव्या दिवशी येतं?"

आपल्या सोलापूरकरांचं हे असंच. घर असो, भाड्याची खोली असो, नाहीतर मुलीसाठी स्थळ, पहिला प्रश्न पाण्याचा. उत्तर बरं आलं की पुढचं काही विचारायचं सुचत नाही. मी म्हटलं, "चौथ्या दिवशी. पण दोन तास, आणि जोरात."

त्यांनी माझ्या कट्ट्यावर टकटक केली. डबल बेल.

आता मी काही खोटं बोलले का? नाही. पाणी चौथ्याच दिवशी येतं. पण समोर शाळेचं फाटक होतं, आणि जूनपासून तिथं काय होतं हे मी वीस वर्षं बघत आले होते. सांगायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात वहिनी गाडीतूनच हसून म्हणाल्या, "अक्का, तुमच्याकडं शेंगाचटणीचा वास सुटलाय बगा." आणि मी गप्प बसले. दोन वर्षं शेजारच्या खिडकीत दिवा नव्हता हो. म्हटलं, येऊ देत. माझ्याकडं गाडी नाही, घोडं नाही, मला गर्दीचं काय!

त्यांनी घर विकत घेतलं, राहायला आले. आणि जून आला.

आमच्या समोरची शाळा दोन वेळेची. सकाळची बाराला सुटते, दुपारची सव्वाबाराला भरते. म्हणजे साडेअकरापासून एकापर्यंत नेणारे आणि सोडणारे एकाच वेळी. रिक्षा, व्हॅन, स्कूटर, मोठ्या गाड्या, त्यात पेरूवाला. आणि वहिनींना मशिनवर घ्यायची वेळ होती साडेबारा. चार तास तिथं, परतायला पाच. तोवर दुपारच्या शाळेतल्या मुलांना न्यायला आलेल्यांच्या गाड्या लागलेल्या. म्हणजे जाताना फाटकातून निघता येत नाही आणि येताना फाटकात शिरता येत नाही.

वेळ बदलून घ्या म्हणाल. मीही म्हटलं. त्यांनी चारदा विचारलं, दुसऱ्या वेळा भरलेल्या. लवकर निघा म्हणाल. तेही केलं. अकराला निघायचे आणि सव्वा तास तिथल्या बाकावर बसायचे. आधी सव्वा तास बाक, मग चार तास मशिन. वहिनी घरी येईपर्यंत चिंधी होऊन जायच्या. एकदा गाडी आदल्या संध्याकाळी मारुतीच्या देवळामागं लावून ठेवली. देवळापर्यंत वहिनींना चालवत नेताना त्या तीन ठिकाणी टेकल्या, तिसऱ्यांदा तर पेरूवाल्याच्या पाटीवर. "पेरू नको रं बाबा, जागा दे," म्हणाल्या.

फाटकावर 'गाडी लावू नये' असं लिहिलं, तर लोक त्या पाटीलाच हेल्मेट अडकवायचे. शेवटी ते स्वतः स्टूल टाकून साडेअकरापासून फाटकासमोर बसायला लागले. पण बसवेना. कुणाची गाडी वळेना झाली की हे उठायचे. "या, या, या, अजून या... बास!" सगळ्यांच्या गाड्या काढून द्यायचे आणि वळून बघावं तर स्वतःच्या फाटकात तिसरीच कुणाची स्कूटर. लेकरं त्यांना 'बास आजोबा' म्हणायला लागली होती.

लोक वाईट नव्हते. हे मी मुद्दाम सांगते. जो तो म्हणायचा, "काका, दहाच मिनिटं." आणि खरंच दहाच मिनिटं असायची. पण प्रत्येकाची दहा मिनिटं तीच असायची ना!

एका शुक्रवारी शाळेत पालकांची सभा होती. सकाळी दहापासून गाड्या. हे अकराला निघायला म्हणून वहिनींना गाडीत बसवून फाटक उघडायला गेले, तर बाहेर एक पांढरी गाडी आडवी, काचा बंद, कुलूप. आत कुणी नाही. त्यांनी शाळेच्या शिपायाला सांगितलं, शिपायानं भोंग्यावर गाडीचा नंबर पुकारला. सभेच्या गलक्यात कुणाला ऐकू जातंय? साडेअकरा झाले. बारा झाले. ऊन असं की गाडीच्या टपावर पापड भाजावा. मी वहिनींना वारा घालत होते. हे रस्त्यावरून परत आले, खिडकीतून हात आत घातला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हॉर्नवर हात दाबून धरताना बघितलं. एरवी म्हणायचे, "हॉर्न वाजवतो त्यो ड्रायव्हर न्हवं."

वहिनींनी बांगडी फळीवर वाजवली. एकदाच.

ते थांबले. त्यांच्याकडं बघितलं, घरात गेले आणि प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले. वहिनींना उचलून तिच्यावर बसवलं. एका बाजूनं हे, दुसऱ्या बाजूनं शाळेचा एक रिक्षावाला, आणि मागं मी छत्री धरून. त्या सगळ्या गाड्यांमधून, आरशांना कोपरं लागत, आम्ही मोठ्या रस्त्याकडं निघालो. कुणीतरी बाई कळवळून म्हणाली, "अगंबाई, काय झालं हो आजींना?"

हे म्हणाले, "काय न्हाय बाई. गाडी फलाटाला लागली न्हाय, म्हणून पॅसेंजर उचलून न्यावा लागतोय."

वहिनी खुर्चीत हसल्या. मी नाही हसले. यांच्या मानेची ताठलेली शीर मला मागून दिसत होती.

मोठ्या रस्त्यावरून रिक्षानं दवाखान्यात पोहोचायला दीड वाजला. पुढच्या पेशंटची वेळ ठरलेली, त्यामुळं चारऐवजी तीनच तास मिळाले. दुसऱ्या दिवशी वहिनींची पावलं इतकी सुजली की चप्पल चढेना. डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन सांगितलं, असं दोन-तीनदा झालं तर पाणी छातीत साठेल. हे त्यांनी मला कुंपणाशी उभं राहून सांगितलं, अगदी हळू, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, मला ठाऊक होतं."

"काय?"

"जूनमध्ये इथं काय होतं ते. तुम्ही घर बघायला आलात तेव्हा बोलले नाही मी."

त्यांनी कुंपणाच्या तारेवर हात ठेवला. म्हणाले, "ठाव असनारच की. तुमी वीस वर्सं हितं हाय."

"मग मला बोलला का नाहीत इतके दिवस?"

"बोलून फाटक मोकळं हुनार हाय व्हय, अक्का?"

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दोन दिवस ते कुंपणाकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी वहिनींनीच हाक मारली, "अक्का, ह्यांना भाकरीसंगं चटणी पायजे म्हन्त्यात." मी वाटी भरून दिली. ते प्रकरण तिथं मिटलं. म्हणजे त्यांच्याकडून मिटलं.

मग घर विकायचं ठरलं. एजंट आला. हुशार पोरगा, दोन फोन हातात. फिरून बघितलं, समोरच्या शाळेकडं बघितलं आणि म्हणाला, "काका, घाई नको. दिवाळीच्या सुट्टीत गिऱ्हाईक आणतो. रस्ता मोकळा असतो, एका दिवसात सौदा."

वहिनी लगेच म्हणाल्या, "दाखवा की मग सुट्टीत. आपल्याला तरी कुनी सांगितलं हुतं?" आणि माझ्याकडं न बघता पदराशी चाळा करत बसल्या.

हे म्हणाले, "आपलं चुकून झालं. ह्ये ठरवून हुईल."

"मी मरायच्या आदी हितनं निगायचं हाय का न्हाय?"

"निगायचं हाय की."

"मग?"

दुसऱ्या दिवशी पत्र्यावर रंगानं, एसटीच्या पाटीसारख्या जाड अक्षरात, त्यांनी लिहून फाटकाला लावलं: 'घर विकणे आहे. शाळा चालू असताना दुपारी बारा वाजता येऊन बघावे.'

एजंटनं कपाळ बडवलं. "काका, घर विकताय का लोकांना पळवून लावताय?"

लोक यायचे. बारा वाजता कोपऱ्यावर अडकायचे आणि तिथूनच फोन करायचे, "आम्ही पुन्हा येतो." एक जोडपं मात्र गाडी लांब लावून चालत पोहोचलं. घामाघूम. नवऱ्यानं आल्या आल्या विचारलं, "पाणी कितव्या दिवशी येतं हो?"

"पानी असू द्या. आदी हितं धा मिन्टं हुबं ऱ्हावा," हे म्हणाले, आणि दोघांना फाटकात उभं केलं. दहा मिनिटांनी ते दोघं एकमेकांकडं बघून नमस्कार करून गेले. हे मात्र परीक्षेत पोराचा नंबर आल्यासारखे माझ्याकडं बघत होते. मागं दारात वहिनी उभ्या होत्या. त्या भिंतीकडं बघत होत्या.

सांगा आता, काय म्हणायचं अशा माणसाला? खरं बोलावं तर बायको अडकते, खोटं बोलावं तर दुसऱ्या कुणाची बायको अडकते.

दिवाळीनंतर त्यांनी दवाखान्यामागच्या बोळात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. स्वतःचं घर असताना म्हातारपणी भाडेकरू. पण तिथून चाकाच्या खुर्चीत वहिनींना ढकलत नेलं की सात-आठ मिनिटांत मशिन. एका रविवारी सामान हललं. गाडी मात्र पुन्हा इथंच आली, कारण त्या बोळात गाडी लावायला जागा नाही. फाटकाच्या आत उभी केली, चादरीनं झाकली.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते यायचे. चादर काढायची, इंजिन चालू करायचं, बॅटरी उतरू नये म्हणून. शेजारची सीट रिकामी. दहा मिनिटं तसेच बसायचे, समोर रस्ता पार मोकळा. मग इंजिन बंद करून चादर नीट चारी बाजूंनी खोचायचे. मी चहा द्यायची. "बरी हाय," म्हणायचे. मी विचारायच्या आधीच.

गेल्या कित्येक रविवारांत आले नाहीत. वहिनींना एकटं सोडता येत नाही आता, असा निरोप आला. मी एकदा जाऊन आले. वहिनी ओळखीचं हसल्या, पण माझा हात धरला तो सोडेनात. चादरीवर धूळ बसलीय, चाकं खाली बसलीत.

मागच्या आठवड्यात तो एजंट एका कुटुंबाला घेऊन आला. सुट्टी साधून, पाटी मागं फिरवून. ती बाई गोड होती हो, कडेवर लेकरू. माझ्या कट्ट्यावर टेकली आणि म्हणाली, "मावशी, शेजार मिळेल मला तुमचा." पण मी सांगितलं. जून सांगितला, बारा सांगितले, खुर्ची सांगितली. ती उठली, लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि नवऱ्याला घेऊन निघून गेली. एजंट आता माझ्याकडं बघतही नाही.

तेव्हा तुम्हालाही तेच सांगते. इथलं घर नका घेऊ. पण एखाद्या दिवशी नुसतं बसायला म्हणून तरी या. गाडी मोठ्या रस्त्यालाच ठेवा आणि चालत या. दार उघडंच असतं माझं. फार दिवस लावू नका, लवकर या.