बायडाबाईनं अंगठा कधी दिला

बायडाबाई म्हणायची, पोलीस गोड बोलायला लागला की घरची माणसं मोजून घ्यावीत. उगाच नव्हती म्हणत. गावात कुणाचं काही गेलं की पोलीस आधी तिच्या डोंगरातल्या वाडीवर जायचे आणि तिच्या पोराला, शिदूला धरून आणायचे. चोर भलताच निघाला, तरी शिदूची पाठ काळीनिळी व्हायची ती व्हायचीच.

आमच्याकडं ती भातकापणीला यायची. अंगानं काटक, तोंडानं फटकळ. मी दिलेला चहासुद्धा आधी हुंगून प्यायची.

जिल्हा परिषद नवी झाली त्या सालची गोष्ट. कान्ह्याजवळच्या आमच्या गावात नवा फौजदार आला. चावडीपुढं सगळ्यांना बसवून म्हणाला, "पोलिसांनी आधी कशाकडं लक्ष द्यावं, ते तुम्हीच सांगा."

बोलणाऱ्याचं नाव आधी लिहितात, हे गावाला ठाऊक. नथू पाटील म्हणाले, "समदं ठीक हाय, सायेब." आदल्याच आठवड्यात त्यांच्या खळ्यावरनं दोन पोती गेली होती. म्हणजे शिदूची पाळी ठरलेली.

मागनं बायडाबाई उठली. "सडकेकडच्या खळ्यावर मोटार थांबती, पोतं जातं. तुमी शोधता डोंगरात. खळ्यावर गस्त घाला. माझ्या पोराला धरू नका."

फौजदाराच्या जमादारानं लिहून घेतलं, अंगठ्यासाठी शाई पुढं केली. तिनं हात पदराखाली घेतला.

"आधी वाचून दावा. तुमी न्हाई, ह्या वैनी वाचतील."

मी तिसरी शिकलेली, आणि सासरे समोर. अक्षर लावत वाचलं: 'सुगीत खळ्यावर गस्त घालावी. वाडीवर नजर ठेवावी.' दुसरी ओळ गिळावी असं वाटलं. पण वाचली.

"हे ती कुटं म्हणाली?" मीच विचारलं.

"नेहमी असंच लिहितो," जमादार म्हणाला. त्याला खरंच काही वावगं वाटलं नव्हतं.

फौजदारानं ती ओळ खोडली आणि स्वतः लिहिलं: 'पुराव्याशिवाय वाडीवर जाऊ नये.' बायडाबाईनं ते माझ्याकडनं दोनदा वाचून घेतलं, मग अंगठा दिला.

राहिलेल्या सुगीत दोन शिपाई खळ्यांवर फिरले. तरी सीतारामभाऊंच्या खळ्यावरनं पोतं गेलंच. पण पोलीस चाकांचा माग काढत कामशेतला गेले, वाडीवर नाही. बायडाबाईनं मात्र शिदूला तीन दिवस रानात लपवून ठेवलं. मी हसले.

"फौजदाराची कवा बी बदली हुईल, वैनी. त्यो कागद मला उतरून द्या."

चावडीवर बसून दिला उतरून. वाचता न येणाऱ्या त्या बाईनं कागद उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारलं, "ह्यात तुमच्या मनाचं काय न्हाई न्हवं घातलं?"