ठणका

काका गेले त्या सकाळी मी काकूजवळ बसलो होतो. डोकं ठणकत होतं. दुःखानं असेल, असं मी धरून चाललो. मयत घरात असताना चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या वहिनी थर्मास घेऊन आल्या, आणि माझी नजर काकांवरून उठून थेट थर्मासवर गेली. कप संपल्यावर थोड्याच वेळात ठणका उतरला. काका तसेच समोर होते. काकूनं आपला भरलेला कप माझ्याकडे सरकवला. "घे. तुला लागतो."

त्या दिवसापासून चहा बंद केलाय. आज पाचवा दिवस. ठणका कमी होत चाललाय. तो पुरता थांबला की काकांसाठी आत काही दुखतंय का, ते कळेल. त्याचीच धास्ती वाटते.