फोटोत नसलेला माणूस

आमच्या पनवेलच्या इमारतीत कुठलाही नळ दिसला की खालच्या मजल्यावरचे काका त्याच्या सांध्याखालून बोट फिरवतात. बोट कोरडं निघालं तरच पुढे जातात. सगळी नोकरी त्यांनी जहाजं बांधणाऱ्या एका कंपनीत काढली. बोलताना दर वाक्याआधी "ऐका मास्तर" म्हणतात, जणू मी ऐकणारच नाही.

कंपनीच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक निघालं, तेव्हा ते घेऊन काका धावतच वर आले. पानोपानी पाण्यात उतरणारी जहाजं, हारतुरे, हात उंचावलेले कामगार.

"यात तुम्ही कुठे आहात?" मी विचारलं.

त्यांनी एका जहाजाच्या पोटावर बोट टेकवलं. "ऐका मास्तर, मी हितं आत हाय. पानी कुठून शिरतं काय, ते बॅटरी घेऊन आतूनच बगावं लागतं. बाहेरून मी एक पन जहाज उतरताना बगलं नाय."

गेल्या महिन्यात कंपनीने जुन्या कामगारांना नवं जहाज पाण्यात सोडायच्या समारंभाला बोलावलं. काका मलाही घेऊन गेले. कडक इस्त्रीचा शर्ट, पहिल्या रांगेतली खुर्ची. जहाजाला अडवून धरणारे ठोकळे निघाले. ते अवाढव्य लोखंड आधी जरासं थरथरलं आणि मग सरसर घसरत सुटलं. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

काकांनी मात्र माझं मनगट घट्ट धरलं होतं. जहाज पाण्यावर तरंगलं, तसे ते शेजारच्या अधिकाऱ्याकडे वळले.

"ऐका साहेब, आत कोन हाय?"