शृंगारतळीच्या नाक्यावर दिसलेला फोड

आई गेली त्या वर्षापासून माझा देवावरचा विश्वास उडाला होता, हे आज लिहायला संकोच वाटत नाही. तिच्या आजारपणात मी नवस बोलले, उपास केले, आणि तरी ती गेली. पुढे संध्याकाळी दिवा लावायचे, हात जोडायचे, पण आत काही हलायचं नाही. घरात कोणाला हे सांगितलं नव्हतं. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, कळलं असावं. पण ते कधी बोलले नाहीत.

मी सांगतेय त्या प्रवासाला वीस वर्षं होऊन गेली. आम्ही तेव्हा रत्नागिरीत राहायचो. मी शाळेत शिक्षिका, हे बोटीवर इंजिनिअर, वर्षातले आठ महिने समुद्रावर. घरात अण्णा, मी आणि नऊ वर्षांची सई. ह्यांनी जुनी चारचाकी घेतली होती आणि मला चालवायला शिकवली होती. जाताना दर वेळी बजावायचे, "पंधरा दिवसांनी हवा बघ. स्टेपनीचीसुद्धा." मी हो म्हणायचे. पेट्रोल असलं की गाडी चालते, एवढंच माझं ज्ञान. हे बोटीवर जाऊन पाच महिने झाले होते आणि त्या पाच महिन्यांत मी एकदाही चाकांकडे बघितलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात अण्णांना हृदयविकाराचा झटका आला. त्यातून ते उठले आणि पहिली गोष्ट बोलले ती, "वेळणेश्वराला अभिषेक करायचाय." तो आमचा कुलस्वामी. डॉक्टरांनी दोन महिन्यांनी प्रवासाला परवानगी दिली, आणि मी एका सोमवारची वेळ गुरुजींशी ठरवली. साडेदहापर्यंत पोचा, मला नंतर दुसरीकडे जायचं आहे, असं त्यांनी कळवलं होतं. खरं सांगायचं तर मला ते एक उरकून टाकायचं काम वाटत होतं.

पहाटे निघालो तरी अण्णांच्या गोळ्या, सईच्या उलट्या यांत उशीर होत गेला. संगमेश्वरच्या पुढे मी वेग वाढवला. एका वळणानंतर मोठा खड्डा आला, तो चुकवता आला नाही. गाडी धाडकन आदळली. अण्णांनी समोरच्या फळीला हात टेकले आणि म्हणाले, "सावकाश गं. देव काही पळून जात नाही." त्यानंतर गाडी डावीकडे ओढतेय असं हाताला जाणवत होतं, सावर्ड्याच्या पुढे चाकातून धप्‌ धप्‌ असा आवाजही यायला लागला. रस्ता खराब आहे, असं मी स्वतःला सांगितलं आणि वेगाचा काटा खाली येऊ दिला नाही.

शृंगारतळीच्या नाक्यावर अण्णांना गोळी घ्यायची होती म्हणून थांबले. झाडाखाली एक म्हातारी कोळीण मासळीची पाटी घेऊन बसली होती. अण्णांनी चहाचे दोन घोट घेतले, मी घाईघाईने सगळ्यांना गाडीत बसवलं आणि चावी फिरवली. तेवढ्यात ती म्हातारी उठून आली आणि बॉनेटवर हात ठेवून गाडीच्या पुढ्यात उभी राहिली.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. तिच्या हाताला मासळीचे खवले चिकटलेले होते. मागे डिकीत नैवेद्याचा डबा होता, नारळाच्या वड्यांचा, मी सोवळ्यात केलेल्या. मी खिडकीतून ओरडले, "अहो, हात लावू नका गाडीला! देवाला चाललोय आम्ही."

तिने हात उचलला. चेहऱ्यावर राग नव्हता. म्हणाली, "नाय लावत गो बाय. पण वाईच खाली उतर. तुझ्या चाकाला फोड आलाय."

"कसला फोड? आम्हाला उशीर होतोय."

"होऊंदे उशीर. मी बाजूला व्हायची नाय."

आणि खरंच ती हलली नाही. मागून एक टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला, त्यालाही तिने हातानेच थांब म्हटलं. शेवटी मी चिडून उतरले. ती मला पुढच्या डाव्या चाकाकडे घेऊन गेली. मी वाकून बघितलं, काही दिसलं नाही. "असा नाय दिसायचा. बस खाली," ती म्हणाली. मी साडी आवरून रस्त्यावर बसले. टायरच्या अंगावर लिंबाएवढा फुगवटा आला होता. मी बोट लावलं, तर तो मऊ लागला. त्याच चाकाच्या वरच्या बाजूला अण्णा बसले होते आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकायला सई मागून पुढे सरकली होती.

म्हातारीनेच समोरच्या पंक्चरवाल्याला हाक मारली. तो वयस्कर माणूस जॅक आणि पान्हा घेऊन आला. स्टेपनी काढली तर तिच्यात हवाच नव्हती. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. स्टेपनी नीट होती एवढं नशीब. हवा भरून, साबणाचं पाणी लावून त्याने ती तपासली आणि बसवली. मग काढलेला टायर रिमवरून उतरवून आतून उलगडून दाखवला. आतले धागे एका ठिकाणी तुटून पिंजल्यासारखे झाले होते.

"ताई, हवा कधी बघितली होती?"

"पाच महिने झाले."

"हवा कमी, त्यात खड्डा. रिमने आतून कापलाय. पुढे देवळाकडे उतरताना मोठा उतार आहे, वळणंही आहेत. तिथे फुटला असता." एवढं बोलून त्याने बाकीच्या तीन चाकांत हवा भरली. प्रत्येक टायरच्या नक्षीत बोट घालून बघितलं. मागचे दोन बदलायला झालेत म्हणाला. "आता चाळिसाच्या वर जाऊ नका. आणि यापुढे हवा सकाळी बघा, गाडी पळवायच्या आधी. तापलेल्या चाकाची हवा खरी कळत नाही."

मी काही ऐकत होते, काही ऐकत नव्हते. ती म्हातारी परत आपल्या पाटीपाशी जाऊन बसली होती, मासळीवर पाणी शिंपडत. तेवढ्यात अण्णा गाडीतून उतरले. सईला म्हणाले, "डिकीतला डबा आण." डबा आल्यावर त्यांनी स्वतः झाकण काढलं, चार वड्या केळीच्या पानाच्या तुकड्यावर घेतल्या आणि हळूहळू चालत जाऊन म्हातारीच्या हातावर ठेवल्या.

मी नकळत म्हणाले, "अण्णा, अहो, नैवेद्य..."

अण्णांनी वळून माझ्याकडे बघितलं. "पोचला," ते म्हणाले.

जन्मभर संध्या न चुकवलेला, सोवळ्याओवळ्याचा कडक माणूस तो. म्हातारीने एक वडी तिथेच तोंडात टाकली आणि हसून म्हणाली, "ग्वॉड झालीय."

वेळणेश्वराचा उतार मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. प्रत्येक वळणावर हॉर्न, समोरून एसटी आली की बाजूला थांबून वाट देणं. खाली नारळांच्या मधून समुद्र दिसला, आणि मला मोकळा श्वास घेता आला. पोचायला साडेअकरा वाजले. गुरुजी निघून गेले असतील अशी खात्रीच होती. ते सभामंडपात बसून होते. त्यांना घेऊन जाणारा माणूसच आलेला नव्हता. हे कसं झालं याचा मी तेव्हाही विचार केला नाही आणि आजही करत नाही.

अभिषेक सुरू झाला. अण्णांच्या हातांना मी आधार दिला होता. पिंडीवर पाणी पडत होतं आणि मला रडू कोसळलं. आईच्या नवसानंतर पहिल्यांदाच मी देवापुढे काही मागत नव्हते. माझी माणसं जिवंत माझ्या शेजारी बसली होती. ज्या बाईला मी हात लावू नका म्हटलं, तिने माझं बोलणं मनावर न घेता रस्ता अडवला होता. किती दिवसांनी छातीवरचं काहीतरी उतरलं, हलकं वाटलं.

परत येताना ती दिसली नाही. मासळी संपवून घरी गेली होती. पुढच्या वर्षी पुन्हा अभिषेकाला आलो तेव्हा मी नाक्यावर मुद्दाम उतरले. ती तिथेच होती. तिचं नाव सुंदरा. मी तिच्यासमोर खाली बसले, सगळं सांगितलं, माफी मागितली. ती गोंधळून बघत राहिली.

"कोणची गाडी गो? माज्या काय ध्यानात नाय."

"तुम्ही माझा रस्ता अडवला होता, आजी."

"आडवला आसंल. आमी खाली बसणारी मानसं. लोकांचं पाय नि गाड्यांची चाकं, येवडंच दिसतं दिसभर. वायट दिसलं की सांगायचं. काय ऐकतात, काय शिव्या देतात."

तिला आठवतही नव्हतं. ते ऐकून माझ्या मनात जे काही झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी तिचे दोन्ही हात हातात घेतले. ओले होते, खवल्यांचे होते.

देवाला शरण जाण्याचा अर्थ मी उगाचच मोठा करून ठेवला होता. सगळं त्याच्यावर सोडायचं आणि आपण डोळे मिटायचे, असं मला वाटायचं. आणि तसं सोडूनही आई वाचली नाही म्हणून मी रुसले होते. आता प्रवासाला निघायच्या आधी मी अंगणात गाडीपाशी बसते. चारही टायरांवरून हात फिरवते, भेगा बघते, नक्षीत अडकलेले खडे काढते. शेजारच्या वहिनी हसतात, पूजा चाललीय का म्हणतात. मी हो म्हणते. माझ्या हातात जेवढं आहे तेवढं मी करते. बाकीचं त्याच्या हातात आहे, आणि त्याचे हात कोणाचे असतील ते आपल्याला ठाऊक नसतं.

अण्णा त्यानंतर सात वर्षं होते. सई आता पुण्याला असते, स्वतःची गाडी चालवते. सणाला घरी यायला निघाली की पहाटे तिचा फोन येतो. "आई, हवा बघितली. चारही आणि स्टेपनीची. निघते." मी "सावकाश ये" म्हणते, फोन ठेवते आणि देवापुढे बसते. डोळे मिटले की आत काहीतरी हलतं.