सोमवारी दाखवायचे वाक्य

श्री. गणपतराव सुरडकर मास्तरांची आणि माझी पहिली ओळख तिळांवरून झाली, आणि ती काही गोड नव्हती. बुलढाण्याच्या इंग्रजी शाळेत मी देऊळघाटाहून नवाच आलो होतो. मास्तरांचा रिवाज असा, की दर शनिवारी प्रत्येक मुलाने उठून आपण पुढे काय करणार ते इंग्रजीत एका वाक्यात सांगायचे, वहीत लिहायचे आणि सोमवारी ते केल्याचे दाखवायचे. माझ्या वडिलांचा तेलाचा घाणा. मी ठोकून दिले, "आय शॅल ब्रिंग तीळ." सोमवारी हात हलवत आलो.

"काऊन रे, तीळ कुठी हायेत?"

"मास्तर, ते तं व्याकरणासाठी म्हटलं होतं."

"व्याकरणासाठी खोटं बोलतं, तं घरी काय बोलत असशीन? जाय, घेऊन ये."

भर उन्हात देऊळघाट गाठून मी तीळ आणले. मास्तरांनी ते साऱ्या वर्गाला वाटले आणि मला दोन मुठी जास्त दिले. त्या दिवसापासून मी उद्याबद्दल जपून बोलतो.

इंग्रजीचा भविष्यकाळ भल्याभल्यांची भंबेरी उडवतो. मास्तर म्हणत, "आपल्या क्रियापदाले उद्यासाठी शेपूट फुटते, जाईन, करीन. साहेबाच्या क्रियापदाले शेपूट नाही. त्याले कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून चालावं लागते." मग ते खांदे एकेक करून ओळखीचे करून देत. मनाने आत्ताच घेतले, तर 'विल'. आधीच ठरवून ठेवले, किंवा आभाळ भरून आलेले दिसते आहे, तर 'गोइंग टू'. गाडीची वेळ छापलेली आहे, तर सरळ वर्तमानकाळ. आणि सोबती ठरले, बिऱ्हाड बांधले, म्हणजे चालू वर्तमानकाळ, 'आय ॲम गोइंग टू शेगाव टुमारो'. हे शेवटचे पुस्तकात पान-दीड पान होते. मास्तरांनी ते एका ओळीत उरकले, "उद्या मी शेगावले जाऊन राह्यलो. तुमची माय असंच बोलते ना? मंग झालं!" आमच्या वऱ्हाडीत 'जाऊन राह्यलो' म्हणजे 'जातो आहे'. सारा वर्ग हसला, आणि साऱ्या वर्गाला कळले.

आता पुढचे. मास्तरांच्या साठीनिमित्त हा ग्रंथ काढणाऱ्या गौरव-समितीच्या चिटणिसांनी मला कळवले आहे, की समारंभास अधिकारी मंडळी येणार असल्याने 'तो जुना प्रसंग' लेखात नसावा. चिटणीस माझे स्नेही आहेत. त्यांचा मान राखून सांगतो, तो प्रसंग नसेल तर हा लेखही नसेल.

शाळा तपासायला पुण्याकडे शिकलेले एक डिप्टीसाहेब आले होते. त्यांनी नेमके तेच वाक्य फळ्यावर लिहून मला अर्थ विचारला. मी छाती काढून सांगितले, "मी उद्या शेगावले जाऊन राह्यलो." साहेबांनी तोंडाला रुमाल लावला, आणि ते हसू पाहून पुढच्या बाकावरची मुलेही हसली. मला धरणी दुभंगावी असे झाले.

"इंग्रजी शिकवता की गावंढळपणा?" साहेबांनी विचारले.

मास्तर जागचे हलले नाहीत. म्हणाले, "साहेब, तुम्ही अर्थ विचारला, त्यानं सांगितला. चुकलं असंन तं दाखवा."

चुकलेले काहीच नव्हते, आणि तेच साहेबांना झोंबले. मास्तर कितीतरी वर्षे हंगामी होते. कायम होण्याचा कागद त्याच तपासणीवर अडला होता. यापुढे वर्गात वऱ्हाडी बोलणार नाही, एवढे त्यांनी लिहून द्यावे, असे ठरले. हेडमास्तरांनी दौत पुढे सरकवली आणि हळूच म्हणाले, "एक ओळ तर आहे, गणपतराव. लिहून टाका."

"लिहिलं तं पाळावं लागीन," मास्तर म्हणाले. "सोमवारी पोट्टे विचारतीन."

त्यांनी लेखणीला हात लावला नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या दारात जाऊन रडलो. माझ्या जिभेने त्यांच्या पोटावर पाय दिला, म्हणून शाळा सोडतो, असे सांगितले. त्यांनी माझी वही मागितली आणि आदल्या शनिवारच्या वाक्यावर बोट ठेवले. 'आय ॲम गोइंग टू बी अ टीचर.' "मंग? सोमवार अजून आला नाही," एवढेच म्हणाले.

मास्तर कायम झाले नाहीत. त्यांना दुसरबीडच्या प्राथमिक शाळेत पाठवले. तिथे इंग्रजीचे अक्षरही नव्हते. म्हणजे मास्तर जाईपर्यंत नव्हते! सकाळी शाळा भरण्याआधी ते शेतकऱ्यांच्या आणि दुकानदारांच्या मुलांना चावडीच्या ओट्यावर इंग्रजी शिकवू लागले, अर्थात वऱ्हाडीतून. मला मात्र दर शनिवारी त्यांचे कार्ड येई. त्यावर एकच वाक्य, या आठवड्यात ते काय करणार याचे. पुढच्या कार्डावर 'केले' असे. एकदा लिहिले होते, 'नाही जमले. माफ कर.' शिष्याची माफी मागणारे गुरू मी दुसरे पाहिले नाहीत. त्या कार्डांनी मला शाळेत टिकवले.

आज मी त्याच वर्गात इंग्रजी शिकवतो. 'जाऊन राह्यलो' मी रोज म्हणतो, दार उघडे ठेवून म्हणतो. समारंभास येणाऱ्या मंडळींनी हवे तर टिपून घ्यावे.

परवा मास्तरांना निमंत्रण द्यायला गेलो, तेव्हा माझी सहा महिन्यांची मुलगी बरोबर होती. मास्तरांनी तिला मांडीवर घेतले. मी म्हटले, "मास्तर, साठी झाली. आता तरी आराम करा."

"आराम?" ते भडकले. "आय ॲम गोइंग टू टीच धिस गर्ल. मॅट्रिक होईपर्यंत मीच शिकवीन इले. लिहून घे."

मी लिहून घेतले. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, अशी प्रार्थना या ग्रंथात सगळेच करतील. मी करणार नाही. मास्तरांचे वाक्य माझ्या वहीत आहे, मुलगी मॅट्रिक व्हायला सोळा वर्षे आहेत, आणि नियम त्यांचाच आहे. सोमवारी मी विचारणार.