गाणी नसलेला सिनेमा

पडदा उजळला. १९९६ सालचा एक रविवार, सकाळची वेळ. नाशकातल्या एका जुन्या थिएटरात फिल्म सोसायटीची पन्नासेक माणसं बसली होती. सचिव मोहिनीताईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "हा फ्रेंच सिनेमा एका नवरा-बायकोनं मिळून केलाय, मोठं पारितोषिक मिळालंय. संगीत मात्र मागू नका, त्यांनी ते ठेवलेलंच नाही."

वर प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये ऑपरेटर मोतीरामला हे ऐकू गेलं नव्हतं. त्याची बायको नवसाबाई बारा वर्षं तिथं रिळं हातानं उलटी गुंडाळत आली होती आणि मोतीराम बारा वर्षं तिला गाण्याच्या वेळी मारत आला होता. ढोलकी सुरू झाली की त्याचा पट्टा निघे. खाली कुणाला कधी कळलं नाही.

आज शेवटचं रीळ द्यायला तिला जरा उशीर झाला. मोतीराम गाण्याची वाट बघून चिडला होता. पडद्यावर मोटार घरघरली, तशी त्यानं तिला केसांना धरून लोखंडी पेटीवर आपटलं आणि पट्टा काढला. तेवढ्यात मोटार थांबली. पडद्यावरची बाई खिडकीशी नुसती उभी राहिली. त्या शांततेत पट्ट्याचे सहा फटके सगळ्या थिएटरनं ऐकले.

माणसं जिना चढून धावली. दोघांनी मोतीरामचे हात मागं पिरगाळले.

"नवसाबाई, दवाखान्यात चला," मोहिनीताई म्हणाल्या. "सिनेमा राहू दे."

नवसाबाईनं ओठावरचं रक्त पदरानं पुसलं.

"याला पोलिसात न्या ताई, मी साक्ष देते. पण शेवटचं रीळ मलाबी लावता येतं. ती बाई पुढं काय करती, ते मला बघायचं हाय."